कुपवाडची १७० व्ही: चेसीसला पैकीच्या पैकी, पेट्रोलच्या नळीला मात्र नाही

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका गॅरेजमधून नुकतीच बाहेर पडलेली ही १९३८ ची मर्सिडीज-बेंझ १७० व्ही, कॅब्रिओलेट बी. क्रीम आणि काळा रंग, दोन दारं, चार सीट, कापडी छत. फोटो काढायला माणसं समोरून जमतात. काम कसं झालंय ते बघायचं असेल तर गाडी स्टँडवर घेऊन खाली आडवं व्हावं.

हिची चेसीस शिडीसारखी नाही. अंडाकृती नळ्यांचा एक्स आहे. त्यामुळे वजन कमी आणि चेसीस पिळवटतही कमी. पण नळी आतून सडत जाते आणि वरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो. ही गाडी कृष्णाकाठच्या शेडमध्ये पडून होती. २०१९ च्या पुराचं पाणी दारांपर्यंत चढलं आणि ओसरताना नळ्यांत गाळ सोडून गेलं. गॅरेजने आधी हातोडीने टकटक करून पाहिलं. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आला तर आत गाळ किंवा गंज. मग कॅमेरा आत घालून खात्री केली. नळ्या प्रेशरने धुतल्या, हवा मारून वाळवल्या. मागच्या टोकाचा फूटभर सडका तुकडा कापला, आतून स्लीव्ह (नेमक्या मापाची आतली नळी) सरकवून जोड वेल्ड केला आणि शेवटी मेण फवारलं. कर्ण मोजले तर दोन्हींत तीन मिलिमीटरांहून जास्त फरक नाही. पाणी निथळायची भोकंही उघडी ठेवलीत. अंडरकोटिंग मारताना हीच भोकं हमखास बुजतात आणि दोन पावसाळ्यांत सगळी मेहनत वाया जाते. या एका कामासाठी गॅरेजला मनापासून दाद द्यायला हवी.

नावातला ‘व्ही’ म्हणजे ‘फोर्न’, जर्मनमध्ये पुढे. फेब्रुवारी १९३६ च्या बर्लिन मोटार शोमध्ये ही गाडी आली तेव्हा तिच्या जोडीला १७० एच होती. ‘एच’ म्हणजे ‘हेक’, इंजिन मागे. इंजिन दोघींचं एकच, पण गिऱ्हाइकांनी पुढच्या इंजिनालाच पसंती दिली. बेंझ आणि डाइमलर या दोन कंपन्या २८ जून १९२६ रोजी एक झाल्या. त्यानंतर राजेरजवाड्यांच्या ५४० के सारख्या गाड्यांनी कंपनीचं नाव गाजवलं, पण युद्धाआधी सर्वांत जास्त खपलेली मर्सिडीज ही धाकटी १७० व्हीच. १९४२ पर्यंत सत्तर हजारांहून जास्त बनल्या. युद्धानंतर कारखाना पुन्हा सुरू झाला तोही हिच्यावरच, आणि १९४९ ची डिझेल १७० डी याच इंजिनाच्या पायावर उभी राहिली. आपल्याकडच्या टेम्पो ट्रॅक्सचं इंजिन मर्सिडीजच्याच डिझेल घराण्यातलं, म्हणून सांगली-मिरजेच्या मिस्त्रींना हा वंश अगदीच परका नाही. पार्ट मात्र एकमेकांना लागत नाहीत, त्या भरवशावर कोणी राहू नये.

इंजिन साइड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी), चार सिलिंडर, १६९७ सीसी, ३८ हॉर्सपॉवर. बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ७३.५ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०० मिलिमीटर. या जातीच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसतात, त्यामुळे उष्णता ब्लॉकमध्ये मुरते आणि व्हॉल्व्ह टेकतो ती सीट व बोअर यांच्या मधल्या भिंतीला तडा जायची भीती असते. म्हणून बोअरिंगच्या आधी तडा तपासायचा, नंतर नव्हे. इथे तसंच केलंय. एक्झॉस्टला कठीण धातूच्या नव्या सीट बसवल्यात. ब्लॉकचे वेल्श प्लग (पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची बुचं) काढून आतला गाळ खरवडलाय. नुसता रेडिएटर बदलून गाडी तापायची थांबत नाही, कारण चिखल शेवटच्या सिलिंडरभोवती साठतो.

वायरिंग सहा व्होल्टचीच ठेवलीय, हा निर्णय उत्तम. बारा व्होल्ट केलं की स्टार्टर, डायनॅमो, मीटर सगळ्यांना हात लावावा लागतो. सहा व्होल्टची गाडी नीट चालू होत नाही अशी ओरड असते, तिचं कारण बहुतेक वेळा बारीक केबल. व्होल्टेज निम्मं म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट. इथे स्टार्टरला ७० चौरस मिलिमीटरची केबल आहे आणि इंजिन ते चेसीस वेगळी अर्थ पट्टी. इंजिन रबरावर बसवलेलं असल्याने ही पट्टी लागतेच.

लाकूडकाम मिरजेच्या सुताराचं. दारांच्या आतला सांगाडा सागवानात नव्याने केलाय. मूळ अ‍ॅशचं लाकूड जास्त लवचिक. सागवान टिकतं, पण त्याच्या तेलामुळे गोंद धरत नाही. म्हणून इपॉक्सी लावायच्या आधी सांधा थिनरने पुसावा लागतो. उजव्या दाराच्या खालच्या सांध्यात ते राहून गेलेलं दिसतं. दार उघडून वर उचललं की बिजागरी हलत नाही, पण सांधा करकरतो. वर्षभरात दार लटकेल, आत्ताच खोलून घ्यावं.

खरी चूक पेट्रोलच्या नळीत आहे. कार्बोरेटरकडे जाणारी तांब्याची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या भागापासून) जेमतेम दोन बोटांवर आहे. मे महिन्यात पेठ रस्त्याला ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं तर पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडणारच. त्यात जोडाच्या दोन ठिकाणी साधा रबरी पाइप. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते जुनं रबर फुगवतं आणि मऊ करतं. नळी लांबून वळवावी, जोडांना फ्लुओरोइलॅस्टोमरचं (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं) आतलं अस्तर असलेला पाइप घालावा, मध्ये पत्र्याचा पडदा द्यावा. एका दुपारचं काम, आणि ते रंगाआधी व्हायला हवं होतं. रंगाबद्दल थोडक्यात: डाव्या मागच्या मडगार्डवर मॅग्नेट धरत नाही, म्हणजे पुट्टी जाड आहे.

चालवायला गाडी गोड आहे. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, पुढे दोन आडवे पाटे, मागे कॉइल स्प्रिंग आणि स्विंग अ‍ॅक्सल (दोन्ही अर्धे अ‍ॅक्सल मधल्या सांध्यापासून वर-खाली हलतात). माधवनगर रोडच्या खड्ड्यांवर ती आजच्या कित्येक गाड्यांपेक्षा मऊ जाते. ताशी साठवर ती खुशीत असते, तिला १०८ चा मूळ वेग आठवून द्यायची गरज नाही. वळणात शिरल्यावर अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडू नये. मागचं बाहेरचं चाक आत दुमडतं आणि शेपूट बाहेर फेकली जाते. वेग वळणाआधीच कमी करून वळणात हलका अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवला की ती रुळावर चालल्यासारखी जाते. मागच्या टायरमध्ये हवा पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी, आणि अ‍ॅक्सलच्या रबरी बुटाला चीर आहे का ते दर हजार किलोमीटरला हात घालून बघावं. चीर असली तर तिथून तेल गळतं.