शिशाच्या जमिनीत मोहरी की वाळा?

शेजारचं बॅटऱ्या फोडायचं दुकान उठलं, पण माझ्या पाच गुंठ्यांत शिसं ठेवून गेलं. माती तपासून आणल्यावर त्या शिशावर उपाय म्हणून मी अर्ध्यात मोहरी पेरली, अर्ध्यात वाळा लावला. तुमच्यापुढे हाच प्रश्न असेल, तर माझा अनुभव एवढाच.

मोहरीचं म्हणणं मनाला पटतं. थंडीत पेरा, तीन-साडेतीन महिन्यांत कापा. मुळांनी ओढलेला धातू पाल्याबरोबर जमिनीबाहेर. कॅडमियम हा दुसरा विषारी धातू ती बरा उचलते. शिशाचं तसं नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते मातीला घट्ट धरून बसतं. ते सुटावं म्हणून ईडीटीए नावाचं, धातू मातीतून सोडवणारं रसायन घालतात, पण सुटलेलं शिसं झाडात किती जाईल आणि पाण्याबरोबर खाली किती उतरेल, हे आपल्या हातात नाही. माझी विहीर चाळीस पावलांवर. तो नाद मी केलाच नाही.

तरी मोहरी सोडली ती पाल्यापायी. पानं कोवळी असतानाच शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "एवढी भाजी वाया घालवतोस? एक जुडी दे की." नाही म्हटलं, तर कंजूष ठरलो. शेळ्यांना तर तेही सांगायची सोय नाही. कापणीनंतर खरी पंचाईत: जाळावं तर शिसं धुरात आणि राखेत, खड्ड्यात कुजवावं तर पुन्हा मातीत, गुरांपुढे टाकायचा प्रश्नच नाही. अकरा गोण्या भरून शेडमध्ये ठेवल्या, त्या उंदरांनी फाडल्या. घातक कचरा नेणाऱ्यांकडे चौकशी केली. एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवायला कोणी तयार होईना.

वाळ्याची ठोंबं पावसाच्या तोंडावर वीतभर अंतराने लावली. ऊन भरपूर हवं, सावलीत तो रडतो. शिसं बहुतेक मुळांतच अडकतं, पाल्यात थोडंच चढतं; तरी कापलेला पाला मी तिथेच अंथरतो, गोठ्यात नेत नाही. मुख्य म्हणजे धूळ उडायची थांबली. पूर्वी वारा सुटला की ओट्यावर करडा थर यायचा, आणि पोरं तिथेच खेळायची.

जमीन साफ झाली असं मात्र मी म्हणणार नाही. शिसं आहे तिथेच आहे. तिथे पुन्हा मेथी-पालक घ्यायचा असेल, तर वाळा उपयोगाचा नाही. पण शिशासाठी मोहरीच्या भरवशावरही मी ते धाडस करणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकूंनी माठात टाकायला वाळ्याची मुळं मागितली. बाजारातून जुडी आणून दिली.