ओपेथचा ‘हेरिटेज’: ग्राउल गेला, पण दुखणं दुसरीकडेच

स्वीडिश मेटल बँड ओपेथच्या ‘हेरिटेज’ या अल्बमबद्दल (रोडरनर रेकॉर्ड्स, २०११) मेटलवाल्यांची तक्रार ठरलेली आहे: गायक-गिटारवादक मिकाएल ओकरफेल्टने ग्राउल (घशातून गुरगुरत गाणं) सोडला. ही तक्रार फारशी टिकत नाही. २००३च्या ‘डॅम्नेशन’मध्येही ग्राउल नव्हता आणि त्या अल्बमवर आजही लोक जीव टाकतात. फरक असा की ‘डॅम्नेशन’ मुळातच शांत होता. ‘हेरिटेज’मध्ये मात्र जड रिफ (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटी) आहेत, वेग आहे, मध्येच जॅझ आहे. ओपेथच्या जुन्या लांबलचक गाण्यांत ग्राउल आला की जड भाग सुरू झाल्याचं कळायचं, थांबला की अकूस्टिक गिटारला वाट मिळायची. ती खूण काढली की तुकडे सांधायला दुसरं काही लागतं. इथे ते दर वेळी हाती लागलेलं नाही.

‘फॅमिन’ घ्या. हातांनी वाजवलेली तालवाद्यं (अ‍ॅलेक्स अकुन्या) आणि बासरी, मग एकटा पियानो, मग अचानक पळता रिफ. पुढे संथ, काळाकुट्ट रिफ आणि त्यावर फुंकर फाटेल इतक्या जोराने वाजणारी बासरी. एकेक तुकडा अफलातून, पण मधले सांधे म्हणजे नुसता थांबा. साडेआठ मिनिटांत तीन वेळा गाणं संपल्यासारखं वाटतं. ‘हेक्सप्रोसेस’चंही तेच रडगाणं.

याउलट ‘फोकलोर’. शेवटची दोनेक मिनिटं मार्टिन मेंडेझचा बेस पाया धरून ठेवतो, त्यावर गिटार, ड्रम आणि आवाज थराथराने चढत जातात. जोड कुठे दिसतच नाही. अल्बममधलं सर्वात नेटकं गाणं हेच.

ध्वनीबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही. रेकॉर्डिंग स्टॉकहोमच्या अटलांटिस स्टुडिओत, मिक्स स्टीव्हन विल्सनचं. गिटारचं डिस्टॉर्शन (आवाजातली खरखर) इतकं उतरवलंय की कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मार्टिन अ‍ॅक्सेनरॉटचे ड्रम कोरडे, लाकडी. किकचा (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) तो टकटकाट नाही. पेर विबर्गचं हॅमंड ऑर्गन आणि मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) आता मागे पडदा धरून उभे नाहीत, गिटारच्या बरोबरीने पुढे आलेत. (रेकॉर्डिंगनंतर विबर्ग बँडमधून बाहेर पडला, मुखपृष्ठावरच्या झाडावरून गळून पडणारं डोकं त्याचंच.)

ऐकताना आवाज नेहमीपेक्षा चढा ठेवा. ‘नेपेंथी’ची सुरुवात इतकी हलकी आहे की प्रवासात, साध्या इअरफोनवर तिच्यातलं निम्मं हरवतं, आणि ते हरवलं की नंतरचा गिटारचा स्फोट उगाच आदळल्यासारखा वाटतो. डीव्हीडीवाल्या स्पेशल एडिशनमध्ये ५.१ मिक्स आणि दोन जादा गाणी आहेत. घरी सराउंड सिस्टिम असेल तरच तिच्यावर पैसे घाला.

आधीच्या ‘वॉटरशेड’ अल्बमवरून थेट इथे येणाऱ्याने ‘द डेव्हिल्स ऑर्चर्ड’, मग ‘फोकलोर’, मग ‘आय फील द डार्क’ असा क्रम धरावा. ‘स्लिदर’ ही मेटल गायक रॉनी जेम्स डिओला वाहिलेली आदरांजली. भावना खरी, पण गाणं सरधोपट. ते राहिलं तरी चालेल. आणि ज्याला ग्राउलच हवाय, त्याने सरळ २०२४च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’कडे जावं, तिथे तो परत आलाय.