झिको यांची पावणेचार वर्षे: एका प्रशिक्षकाच्या सेवेबद्दल अभिप्राय

राष्ट्रीय संघासाठी प्रशिक्षक नेमणे हा एका अर्थी सेवा विकत घेण्याचाच व्यवहार आहे. पैसे संघटना मोजते, सेवेचा लाभ खेळाडू घेतात आणि ती कशी होती हे सांगण्याचा हक्क प्रेक्षक कोणालाही न विचारता स्वतःकडे घेतो. ‘झिको’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या कियातिसुक सेनामुआंग यांनी जून २०१३ ते मार्च २०१७ या काळात थायलंडच्या फुटबॉलला जी सेवा दिली, तिच्याविषयी मी याच हक्काने लिहीत आहे. त्या काळातले बरेचसे सामने मी अलीकडे ओळीने पुन्हा पाहिले, आणि पूर्वी निकालांवरून बनवलेले माझे मत त्यामुळे बरेच बदलले. थाई माणसाचा उल्लेख पहिल्या नावाने करण्याची रीत असल्यामुळे पुढेही मी ‘कियातिसुक’ असेच लिहितो. थाई प्रेक्षकांसाठी मात्र ते कायम ‘झिको’च राहिले आहेत.

गुण आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन तारे. आग्नेय आशियातल्या स्पर्धांसाठी पाच, त्यावरच्या पातळीसाठी दोन, आणि ही त्यांची सरासरी.

ज्याच्याकडून सेवा घ्यायची त्याची पूर्वपीठिका पाहावी लागते, आणि या बाबतीत ती चांगलीच भरघोस होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी उदोन थानी येथे जन्मलेल्या कियातिसुक यांनी राष्ट्रीय संघाकडून ७० हून अधिक गोल केले. १९९६ मध्ये आग्नेय आशियाई देशांची टायगर चषक स्पर्धा पहिल्यांदा सिंगापूरमध्ये झाली, तेव्हा मलेशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्यांचाच होता. २००० आणि २००२ मध्ये हा चषक पुन्हा थायलंडकडे आला. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतील दक्षिण कोरियाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना तर तिथल्या जुन्या प्रेक्षकांना आजही तोंडपाठ असेल. त्या सामन्यात थायलंडचे दोन खेळाडू मैदानाबाहेर घालवले गेले. कियातिसुक यांनी संघाला आघाडी मिळवून दिली. कोरियाने बरोबरी साधल्यावर जादा वेळेत तवाचाई दामरोंग-ओंगत्राकुन यांच्या फ्री किकने सुवर्ण गोल, म्हणजे सामना तिथेच संपवणारा गोल, झाला आणि नऊ जणांचा संघ २–१ असा जिंकला. गोल केल्यावर कियातिसुक मैदानावरच कोलांटउडी मारत, आणि थायलंडमधल्या एका पिढीने त्यांना त्या उडीसकटच मनात ठेवले आहे.

याच पूर्वपीठिकेत एक बारीकशी खूणही होती. १९९९ मध्ये ते इंग्लंडच्या हडर्सफिल्ड टाउन या क्लबात गेले. स्टीव्ह ब्रूस तेव्हा तिथले व्यवस्थापक होते, आणि मुख्य संघाकडून एकही अधिकृत सामना न खेळता कियातिसुक यांना परतावे लागले. पुढे व्हिएतनामच्या होआंग आन्ह जिया लाय क्लबात मात्र ते मुख्य नायक ठरले. २००३ आणि २००४ अशी सलग दोन वर्षे त्या क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकली. आपल्या परिसरात राजा, त्याबाहेर पाहुणा, हा नमुना खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला आला होता. प्रशिक्षक म्हणूनही तो जवळजवळ तसाच पुन्हा येईल, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नसावे.

आधीचे प्रशिक्षक विनफ्रीड शेफर पद सोडून गेल्यानंतर कियातिसुक यांच्याकडे हंगामी जबाबदारी आली आणि १५ जून २०१३ रोजी हफेई येथे त्यांच्या तरुण संघाने चीनला ५–१ असे हरवले. चीनच्या प्रशिक्षकपदावरून होसे अंतोनियो कामाचो यांना त्यानंतर लगेचच जावे लागले. त्याच वर्षी म्यानमारमध्ये आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक मिळाले आणि २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत चौथा क्रमांक. यातला खरा माल निकालांपेक्षा खेळाच्या पद्धतीत होता. कियातिसुक यांनी २३ वर्षांखालील संघातलीच मुले वरिष्ठ संघात आणली, त्यांना चेंडू जमिनीवर ठेवून छोट्या पासने पुढे सरकण्याची मुभा दिली आणि उंची किंवा ताकद यांची चिंता बाजूला ठेवली. चनाथिप सोंगक्रासिन याची उंची जेमतेम १५८ सेंटीमीटर. दुसऱ्या एखाद्या प्रशिक्षकाने त्याला शेवटची वीस मिनिटे खेळवण्यापुरता राखून ठेवला असता. येथे संपूर्ण संघ त्याच्याभोवती उभा केला गेला, त्याच्या जोडीला सारच युयेन आणि स्वित्झर्लंडमध्ये वाढलेला चॅरिल चापुई आले, आणि थायलंडचा खेळ पाहण्यासाठी मुद्दाम वेळ काढावा अशी स्थिती बऱ्याच वर्षांनी निर्माण झाली.

ही सेवा किती मजबूत आहे याची कसोटी २० डिसेंबर २०१४ रोजी क्वालालंपूरच्या बुकित जलील स्टेडियममध्ये लागली. त्याच आग्नेय आशियाई चषकाची ही दोन टप्प्यांची अंतिम लढत होती, आणि पहिल्या टप्प्यातला सामना थायलंडने २–० असा जिंकला होता. दुसऱ्यात मलेशियाने तासाभरात तीन गोल करून एकूण गुणफलकावर आघाडी घेतली. हा भाग मी दोनदा पाहिला, कारण पहिल्या खेपेस मी फक्त गोलांची वाट पाहत होतो. दुसऱ्या खेपेस लक्षात आले की ०–३ झाल्यावरही थाई खेळाडूंनी लांब चेंडू भिरकावण्याचा मार्ग धरला नाही. घाबरलेला संघ जे करतो ते त्यांनी केले नाही. ८२ व्या मिनिटाला चापुईने आणि ८७ व्या मिनिटाला चनाथिपने गोल केले, आणि ४–३ अशा एकूण फरकाने चषक २००२ नंतर प्रथमच थायलंडला मिळाला. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही ही स्पर्धा जिंकणारे कियातिसुक पहिलेच ठरले. २०१६ मध्ये इंडोनेशियाविरुद्ध पहिला टप्पा १–२ असा गमावूनही बँकॉकमध्ये सिरोच चत्थोंगच्या दोन गोलांवर त्यांनी चषक राखला. हे पाच तारे मी हात आखडता न घेता देतो.

आता तक्रारीकडे. २०१८ च्या विश्वचषक पात्रतेची दुसरी फेरी संघाने दिमाखात पार केली होती: सहा सामन्यांत चार विजय आणि दोन बरोबरी, हनोईत व्हिएतनामवर ३–० असा विजय, इराकविरुद्ध मायदेशात ०–२ वरून २–२. तिसऱ्या फेरीत जपान, सौदी अरेबिया, ऑस्ट्रेलिया, संयुक्त अरब अमिराती आणि पुन्हा इराक समोर आले, आणि कियातिसुक यांच्या हाताखालच्या सात सामन्यांत संघाला एक गुण मिळाला. केलेले गोल ३, खाल्लेले १९. या आकड्यांमागचे कारण सामने पाहताना स्पष्ट दिसते. तीराथोन बुनमथान आणि त्रिस्तान दो हे बाजूचे बचावपटू हल्ल्यात सामील व्हायला पुढे जात, आणि त्यांच्या मागे मोकळी राहणारी जागा कोण भरणार याचे उत्तर संघाकडे शेवटपर्यंत नव्हते. आग्नेय आशियातले संघ त्या जागेत पोहोचेपर्यंत चेंडू परत थाई पायांत आलेला असे. सौदी अरेबिया किंवा जपान इतका वेळ देत नाहीत. मला वाटते, आघाडीपटूने बांधलेला हा संघ होता आणि त्याच्या नजरेत मैदान एकाच दिशेला उतरते होते. दोन सामन्यांच्या मधल्या काळात बचावाची मांडणी बदलून पाहण्याची तयारीही फारशी दिसली नाही, आणि दोन तारे देताना माझ्या मनात मुख्यतः हेच आहे.

तरी या दोन ताऱ्यांपैकी एक संपूर्ण तारा १५ नोव्हेंबर २०१६ च्या सामन्याचा आहे. राजे भूमिबोल यांचे निधन होऊन महिनाच झाला होता, राजमंगला स्टेडियमवर प्रेक्षक काळ्या कपड्यांत आले होते आणि नेहमीचा जल्लोष आवरता घेतलेला होता. अशा विलक्षण वातावरणात आशियाई विजेत्या ऑस्ट्रेलियाशी थायलंडने २–२ अशी बरोबरी केली. थायलंडचे दोन्ही गोल तीरासिल डांग्डाचे. ऑस्ट्रेलियाचे दोन्ही गोल पेनल्टीवर आले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या मार्चमध्ये सौदी अरेबियाकडून ०–३ आणि सैतामा येथे जपानकडून ०–४ असे पराभव झाले आणि कियातिसुक यांनी राजीनामा दिला.

या व्यवहारात ग्राहकाचेही थोडे चुकले असे माझे मत आहे. आग्नेय आशियात पुन्हा पहिला क्रमांक मिळवणे हे काम ठरले होते, ते पूर्ण झाल्यावर त्याच बोलीत विश्वचषकाची अपेक्षा घुसवण्यात आली. त्यांच्या जागी आलेल्या मिलोवान रायेवाच यांनी बचाव आवळला आणि पात्रता फेरीतल्या उरलेल्या तीन सामन्यांत संघाने फक्त पाच गोल खाल्ले; गुण मात्र तिथेही एकच मिळाला. पुढे ६ जानेवारी २०१९ रोजी अबू धाबीत भारताने थायलंडला ४–१ असे हरवले, तो आपल्याकडच्या वाचकांना आठवत असलेला संघ रायेवाच यांचा, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

सेवा संपल्यावर काय टिकले, हेही ग्राहकाने पाहावे. चनाथिप २०१७ मध्ये जपानच्या कोन्सादोले साप्पोरोकडे गेला, २०१८ मध्ये तीरासिल आणि तीराथोन हेही जपानी लीगमध्ये पोहोचले, आणि तीराथोन २०१९ मध्ये योकोहामा एफ. मारिनोसकडून विजेता ठरला. स्वतः कियातिसुक २०२१ मध्ये जुन्या व्हिएतनामी क्लबात प्रशिक्षक म्हणून परतले. बारा फेऱ्यांनंतर त्यांचा संघ अव्वल असताना करोनामुळे हंगामच रद्द झाला आणि विजेतेपद कोणालाही दिले गेले नाही.

ज्यांना ही सेवा अजमावून पाहायची आहे, पण वेळ एकाच सामन्याइतका आहे, त्यांनी चीनविरुद्धची ५–१ टाळावी. प्रतिस्पर्धी इतका विस्कळीत होता की काहीच कळत नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना पूर्ण पाहावा, आणि तेवढाही वेळ नसेल तर बुकित जलीलची शेवटची दहा मिनिटे.