जुना बिटकॉइन मायनर काही महिने घरी चालवल्यानंतर (इंदूर)

हिवाळ्यात एक वापरलेला, २०१६ च्या पिढीतला बिटकॉइन मायनर घेतला आणि टिळकनगरातल्या घरी गच्चीवरच्या खोलीत लावला. मायनर म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांच्या सार्वजनिक वहीत नवं पान, म्हणजे ब्लॉक, जोडण्यासाठी आकड्यांचं कोडं सोडवत राहणारं यंत्र; ज्याचं कोडं आधी सुटतं त्याला बक्षिसात बिटकॉइन मिळतात. पावसाळा लागेपर्यंत चालवला. कमाई हा हेतू नव्हता. या चलनाला वीज किती लागते यावरून घरात सारखे वाद होत, म्हणून एकदा आपल्याच मीटरवर बघायचं ठरवलं.

आधी यंत्राबद्दल. १,३५० वॅट, तेही रात्रंदिवस, म्हणजे दिवसाला ३२ युनिट. वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी टाकून घेतला. साध्या सॉकेटवर हे लावूच नका. आवाज इतका, की शेजारच्या काकूंनी "गिरणी सुरू केलीत का?" असं विचारलं. खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. जानेवारीत त्या खोलीत कपडे वाळत. मे महिन्यात दुपारी यंत्र बंदच ठेवावं लागलं.

आता हिशोब. सेकंदाला साडेतेरा लाख कोटी हॅश (कोड्याच्या उत्तराचे अंदाज) काढूनही पूलमधून, म्हणजे अनेकांनी यंत्रं जोडून बक्षीस वाटून घेण्याच्या गटातून, दिवसाला मिळत सातशेच्या आसपास सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग), म्हणजे साठेक रुपये. वीज युनिटला साडेसात रुपये धरली तर खर्च दोनशे चाळीस. एप्रिल २०२४ च्या हाल्विंगनंतर (दर चारेक वर्षांनी बक्षीस निम्मं होतं, ते) एका ब्लॉकचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आलं आहे. वर आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर, आणि त्यातून मायनिंगचा वीजखर्च वजा करता येत नाही.

पण खरी गोष्ट तोट्याची नाही. नवीन यंत्रं तेवढ्याच विजेत पाचपटीहून जास्त हॅश काढतात. मग जगाची वीज वाचली का? नाही. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, डिफिकल्टी, म्हणजे कोड्याची काठिण्यपातळी, अशी बदलते की ब्लॉक दहा मिनिटांनाच पडावा. सगळ्यांची यंत्रं सुधारली की कोडंही तेवढंच अवघड होतं. माझं यंत्र तेवढीच वीज खात होतं आणि वाटा घटत होता, तो याचमुळे. व्यवहार कमी झाले म्हणून वीज कमी लागत नाही; बक्षिसाची किंमत वाढली की मात्र ती वाढते. केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अहवालात वर्षाचा अंदाज १३८ टेरावॅट-तास आहे, म्हणजे १३,८०० कोटी युनिट. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त वीज अक्षय आणि अणुऊर्जेची असल्याचंही तोच अहवाल सांगतो, आणि ते मान्य करायला हवं.

इंदूरकराला युनिटची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आपलं पिण्याचं पाणी जलूदहून, नर्मदेतून पंपाने वर चढून येतं. त्या विजेचा भार हलका व्हावा म्हणून महापालिकेने २०२३ मध्ये ग्रीन बॉण्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. त्या विजेच्या बदल्यात घरोघरी नळाला पाणी येतं.

उपयोग अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ही वीज म्हणजेच व्यवहारांच्या त्या वहीचं कुलूप आहे: जुनी नोंद खोडायची तर तेवढीच वीज पुन्हा जाळावी लागेल. ज्या देशात बँक खातं गोठवते किंवा चलन रोज कोसळतं, तिथल्या माणसाला याचं मोल आहे. मला इथे ते एकदाही लागलं नाही. भाजीवाल्यापासून विजेच्या बिलापर्यंत सगळं यूपीआयवर होतं. आणि इथेरियम या दुसऱ्या डिजिटल चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रूफ ऑफ वर्क, म्हणजे वीज जाळून कोडी सोडवण्याची हीच पद्धत, सोडून आपला वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटवला, ब्लॉकची साखळी चालूच राहिली. तिथे आता नाणी अडकवून ठेवणारे नोंदी पक्क्या करतात, म्हणून ज्याच्याकडे नाणी जास्त त्याचं वजन जास्त, हा आक्षेप खरा आहे. पण बिटकॉइनमध्येही स्वस्त वीज आणि महागडी यंत्रं ज्याच्याकडे, त्याचंच वजन चालतं.

शिकण्यासाठी घ्यायचा असेल तर पंधरा-वीस वॅटचे छोटे मायनरही मिळतात. डिफिकल्टी, पूल, वॉलेट हे सगळं त्यावरही कळतं आणि महिन्याला दहा-पंधरा युनिटच जातात. १,३५० वॅटचा मात्र घरात आणू नका. माझा मी आता बंद केला आहे आणि दुसऱ्या कुणाला चालवायला विकणार नाही. पंखे आणि पॉवर सप्लाय काढून भाच्याच्या कॉलेजच्या वर्कशॉपला देतोय.