सोलरच्या गरम पाण्याची टाकी आणि लाईन साफ करणारी सर्विस - माझा रिव्ह्यू

पुण्यात टाकी धुणारे ढिगाने मिळतात पण या टीमला मी पाचपैकी साडेचार देईन, कारण आल्या आल्या त्यांनी प्रेशर पंप नाही तर थर्मामीटर काढला. पावसाळ्यात ऊन नसलं की आमच्या सोलरचं पाणी नुसतं कोमट राहतं आणि सगळी बिल्डिंग त्याच पाण्याने शॉवर घेते. २५ ते ४५ डिग्री म्हणजे लेजिओनेला नावाच्या बॅक्टेरियाची चंगळ. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर न्यूमोनियाने ३४ लोक गेले ते याच जंतूमुळे. पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले की हा थेट फुप्फुसात पोचतो.

दुसरं म्हणजे नुसतं क्लोरीन ओतून गेले नाहीत. पाईपच्या आतल्या बुळबुळीत थरात अमीबा (एकाच पेशीचे जीव) असतात, ते बॅक्टेरिया खाऊन जगतात, पण लेजिओनेला गिळला तरी पचतच नाही. तीनशेच्या वर प्रोटीन्स तो त्या पेशीत टोचतो, मग ज्या पिशवीत तो अडकलाय तिला पाचक रसवाले लायसोसोम येऊन चिकटतच नाहीत, उलट पेशीचाच माल ओढून तो पिशवीला आवरण करून घेतो, आत बसून वाढतो आणि शेवटी पेशी फोडून बाहेर. अमीबाच्या आत असताना क्लोरीनही त्याला फारसं लागत नाही. आपल्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये डिट्टो हेच, म्हणजे जंतू मारायला ठेवलेल्या पेशीतच हा पोसला जातो! पेनिसिलिनसारखी औषधं तिथे चालत नाहीत, अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. घरात सिगारेट ओढणारे किंवा वयस्कर कोणी असतील तर हे हलक्यात घेऊ नका प्लीज.

तर यांनी टाकी उपसून गाळ काढला, थर घासला, बॅकअप हीटर ६० डिग्रीवर सेट केला, बंद फ्लॅटचे नळ उघडून साचलेलं पाणी सोडलं आणि शॉवरच्या जाळ्या काढून क्षार साफ केले. नळाला पाणी चटका देईल, लहान मुलांना जपा हेही स्वतःहून सांगितलं.

अर्धा मार्क कापला तो सॅम्पलसाठी. ते फक्त टाकीतून घेणार होते, सगळ्यात लांबच्या बाथरूममधून पण घ्या हे आम्हाला सांगावं लागलं. आणि कल्चरचा (सॅम्पलमधले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात तो) रिपोर्ट यायला दहा दिवस लागू शकतात हे बुकिंग करतानाच सांगा ना, खालचे काका रोज विचारत होते.