आधी माती, मग रोपे: पुण्यातील एका बागरचना सेवेविषयी

बंगल्याभोवतालची बाग आखून देणाऱ्या सेवा पुण्यात आता बऱ्याच आहेत आणि त्यांपैकी अनेकांचे काम रोपांच्या रंगीत छायाचित्रांपासून सुरू होते. आमच्या घरासाठी आम्ही निवडलेल्या सेवेच्या रचनाकार बाईंनी मात्र पहिल्या भेटीत एकाही रोपाचे नाव घेतले नाही. त्यांनी दीड-दोन फूट खोल खड्डा खणवून तो पाण्याने भरला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी साचलेले होते, कारण काळ्या मातीखाली घट्ट मुरूम होता आणि कुंपणाच्या भिंतीलगत बांधकामाचा राडारोडा तसाच पुरलेला होता. तो उपसून, जमिनीला उतार देऊन आणि वाफे उंच करून घेतल्याशिवाय लागवड करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. खर्च वाढला खरा, पण पुढच्या पावसाळ्यात मुळे कुजून एकही रोप गेले नाही, याचे श्रेय मी या आग्रहालाच देतो.

झाडांच्या निवडीतही हीच शिस्त दिसली. आराखड्यात प्रत्येक झाडाचा घेर ते पूर्ण वाढल्यावर जेवढा होईल तेवढा काढलेला होता, त्यामुळे आमच्या यादीतील निम्मी झाडे कागदावरच बाद झाली. शहरी भागात झाड तोडण्यासाठी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. तेव्हा भिंतीला खेटून आज हौसेने लावलेला फायकस पुढे मुळांनी पाया उचकटू लागला, तर तो सहज काढताही येत नाही. त्याऐवजी बाईंनी संथ वाढणारी, सदाहरित बकुळ सुचवली. पश्चिमेच्या उन्हासाठी कांचन आणि स्वयंपाकघराच्या मागे कडीपत्ता व लिंबू ठरले. लिंबाच्या पानांवर राज्य फुलपाखराच्या, म्हणजे नीलवंताच्या, अळ्या वाढतात, म्हणून त्या झाडावर कीटकनाशक मारू नये, ही सूचना आराखड्यातच लिहिलेली होती. अशी नोंद मी दुसऱ्या कोणाच्या आराखड्यात पाहिलेली नाही. शेजारच्या आंब्याच्या सावलीत हिरवळ तग धरणार नाही आणि उन्हाळ्यातील पाणीकपातीत ती जगवणे योग्यही नाही, असे सांगून त्यांनी तेथे स्पायडर लिली आणि हळद लावली.

अनंताच्या बाबतीत मात्र निवड चुकली. या झाडाला आम्लधर्मी माती मानवते आणि आमची काळी माती चुनखडीची आहे. काही महिन्यांतच त्याची नवी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. हे लोहाच्या कमतरतेचे ठळक लक्षण आहे. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातले लोह, दिल्यावर पाने सुधारली, तरी हा उपाय पुन्हा पुन्हा करावा लागतो. खड्ड्यातील पाण्याचा निचरा इतक्या काळजीने पाहणाऱ्यांनी मातीचा सामूही (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की विम्लधर्मी याचे माप) तपासायला हवा होता, कारण ही तपासणी स्वस्त आणि सोपी आहे.

दरांविषयीही सांगायला हवे. आराखड्याचे शुल्क वाजवी वाटले, पण रोपांचे दर उरुळी कांचन परिसरातील रोपवाटिकांच्या तुलनेत बरेच चढे होते. आराखडा घेऊन रोपे स्वतः आणण्याची मुभा ते देतात, परंतु विचारल्याशिवाय तसे सांगत नाहीत.

सेवेची सर्वांत कच्ची बाजू म्हणजे लागवडीनंतरची देखभाल. करारानुसार येणारा माळी कष्टाळू आहे, पण आराखडा त्याला कोणी समजावून दिलेला नाही. कुंतीची फुले फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. ऐन कळ्या धरल्या असताना त्याने कुंतीचे सारे कुंपण कात्रीने सपाट केले आणि त्या बहराचा सुगंध आम्हाला मिळालाच नाही. देखभालीचा करार करणाऱ्यांनी कोणत्या झाडाची छाटणी कोणत्या महिन्यात होणार, हे आधीच लेखी घ्यावे आणि त्याची एक प्रत माळ्याच्या हाती द्यावी.