फुगवायची कयाक आणि नागपूरचं पाणी : आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात दोघांची फुगवायची कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी बोट, घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चुकला तो जास्त करून माझाच अंदाज. वाटलं, नागपूरभोवती एवढे तलाव, एवढी धरणं. डिकीत बोट टाकायची अन् निघायचं. बोट दहा मिनिटांत फुगते. पाण्यात उतरायची जागा सापडायला मात्र दोन महिने लागले.

शहरातल्या शहरात नाद सोडा. गोरेवाड्याचं पाणी पिण्याचं, अंबाझरीत जलपर्णी. तोतलाडोह नकाशावर बघून जीव सुटतो, पण तो पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे, तेव्हा तो विचारही नको. कन्हानच्या पात्रात रेती उपसून खड्डे झालेत. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल कुठे जाईल ते सांगता येत नाही.

सर्वात जास्त वेळा गेलो ते रामटेकजवळच्या खिंडसीला. बोटिंगच्या बाजूला मोटारबोटी फिरतात, तिथे आधी विचारून घ्या. डिसेंबरातल्या पहिल्याच सकाळी बोट उन्हात टणक फुगवली, पाण्यात ठेवली अन् पाच मिनिटांत बाजू मऊ पडली. पंक्चर समजून मी परत ओढून काढली, साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा नाही. गार पाण्यानं आतली हवा आकसते, एवढंच होतं. आता थोडा वेळ पाण्यात ठेवतो अन् मग दोन-चार पंप मारतो. उलटी गोष्ट एप्रिलात. फुगलेली बोट काठावर उन्हात ठेवून डबा खायला बसलो तर ती ढोलासारखी ताणली. झडप जरा सैल केली म्हणून वाचली.

वाऱ्याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. ही बोट हलकी, बाजू उंच; दहानंतर वारा सुटला की तोंड आपोआप फिरतं. खाली लावायचं पातं असतं, स्केग म्हणतात त्याला. ते घरी विसरलात तर दिवसभर जागच्या जागी गोल फिरा. मी विसरलो आहे. तेव्हापासून जाताना वाऱ्याविरुद्ध जातो, म्हणजे थकल्यावर येताना वाराच आणून सोडतो.

जागा शोधायला उपग्रहाचा नकाशा कामाचा, पण फोटो कोणत्या महिन्यातला ते बघा. ऑक्टोबरात जिथे पाणी, तिथे मे महिन्यात चिखल. वडगाव धरणाच्या काठावर असाच बेशरमाच्या झुडपांमधून वाट काढत होतो, तेव्हा जाळं आवरत बसलेले एक ढिवर काका म्हणाले, "तिकडून नका जाऊ भाऊ, गाळात फसान. त्या बाभळीच्या पलीकडून घाला." पलीकडे मुरमाड उतार, अगदी हवा तसा. मग बोटीची किंमत विचारली अन् ऐकून नुसते जाळ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून मी आधी माणूस शोधतो, मग पाणी. जाळी कुठे टाकलीत, शिंगाडा कुठे लावलाय, हे त्यांनाच ठाऊक. शिंगाड्याच्या वेलात पातं अडकलं की सुटत नाही, अन् नुकसान त्यांचं होतं.

अंभोऱ्याला वैनगंगेचं पात्र गोसीखुर्द धरणामुळे समुद्रासारखं पसरलंय. एकदा गेलो, नवा पूल खालून बघितला, छान वाटलं. पण नाग नदीची घाण कन्हानमधून शेवटी याच पाण्यात येते, ते विसरता येत नाही. वल्ह्याचं पाणी तोंडावर उडालं की मी गप्प व्हायचो. मोकळं पाणी, वारा जोरात, काठ लांब. नवख्यानं जाऊ नये.

बोटीबद्दल थोडक्यात: तळ चांगला, सीट बेकार, पंप ठीक. एक झडप तिसऱ्या महिन्यात गळायला लागली. विकणाऱ्यानं दोनदा फोटो मागितले अन् गप्प बसला. शेवटी सायकलवाल्याकडून वॉशर बसवून घेतला, अजून टिकलाय. बाभळीच्या काट्यांनी तीन ठिगळं झाली, म्हणून बोट कधी ओढायची नाही, दोघांनी उचलायची. लाइफ जॅकेट सोबत येत नाही, ते आधी घ्या. धरणाच्या सांडव्याकडे अन् दरवाजांकडे फिरकू नका.

पावसाळाभर आता ती घडी करून माळ्यावर, आत थोडी टाल्कम पावडर टाकून. बायको म्हणते, उंदरांची सोय झाली.